चिंचोके नव्हेत ते!

सांगली–पेठ रस्त्यावरील आष्टा हे काही महानगर नव्हे. तथापि तेथील औषधाच्या दुकानातही आज त्वचेला लावायची मलमे, चेहरा धुण्याचे द्रव आणि उन्हापासून रक्षण करणारी लेपने यांच्या रंगीत नळ्या हारीने मांडलेल्या दिसतात. पुण्या-मुंबईत जे मिळते ते आता वाळवा तालुक्यातही मिळते, याचा ग्राहकाला आनंद वाटतो. नळी उलटी करून मागचा बारीक मजकूर वाचण्याची तसदी मात्र क्वचितच कोणी घेतो. घेतली, तर पाणी, ग्लिसरीन, मेदाम्ले अशी नावे ओलांडत यादीच्या शेपटाकडे जावे लागते. काही महागड्या प्रसाधनांवर तेथे एक भारदस्त नाव आढळते: टॅमरिंडस इंडिका सीड गम.

या भारदस्त नावाचा अर्थ काय? चिंचोक्याची खळ!

ज्या चिंचोक्याने आजवर मुलांचा खेळ मांडला, सारीपाटावर दान मोजले, तो हाच चिंचोका. मराठी घरात पोराने पैशाची उधळपट्टी केली की वडीलधारे विचारतात, 'पैसे म्हणजे काय चिंचोके वाटले?' ज्याला मोल नाही अशा वस्तूचे उदाहरण म्हणून मराठी माणसाने चिंचोका निवडला. आणि ज्या वस्तूला आपण बिनमोलाची ठरवले, तिच्यावर परदेशी प्रयोगशाळांनी प्रबंध लिहिले, पेटंटे घेतली, बाजारपेठा उभ्या केल्या. या व्यवहारात फसवले कोणी आणि फसले कोण, हा प्रश्न विचारण्याची वेळ आली आहे. त्याचे प्रामाणिक उत्तर स्वदेशीचा उच्चार करणाऱ्यांनाही फारसे सुखावह वाटणार नाही.

खळीचे शास्त्र

त्वचेवर लावायचे कोणतेही मलम म्हणजे मुळात तेल आणि पाणी यांचा बळेच लावलेला संसार असतो. त्याला धरून ठेवणारा, दाटपणा देणारा, बोटावर घेतले असता ओघळू न देणारा आणि त्वचेवर पसरताना मात्र अडखळू न देणारा घटक त्यात घालावाच लागतो. त्याचे प्रमाण अल्प असते; अनेकदा शंभर भागांत एक भाग किंवा त्याहूनही कमी. पण तो नसेल तर मलम हे मलम राहत नाही. अमेरिकेत १९५० च्या दशकात पुढे आलेला कार्बोमर हा कृत्रिम पदार्थ या कामासाठी जगभर वापरला जातो. तो खनिज तेलापासून मिळणाऱ्या रसायनांतून तयार होतो. अलीकडे मात्र 'वनस्पतिजन्य' या शब्दाला बाजारात भाव आला आणि प्रसाधन-उत्पादकांचे लक्ष गवारीच्या बियांकडे, समुद्रशैवालांकडे आणि चिंचोक्याकडे वळले.

चिंचोक्याचे तपकिरी टरफल काढले की आत पांढरट, टणक गर लागतो. त्या गराचा निम्म्याहून अधिक भाग एका बहुशर्करेचा असतो. अनेक साध्या शर्करांचे कण साखळीसारखे जोडले जाऊन हा पदार्थ बनतो. साखळीचा कणा कापसाच्या तंतूप्रमाणे ग्लुकोजचा, आणि त्याला झायलोज व गॅलॅक्टोज या शर्करांच्या फांद्या. या फांद्यांमुळे ती पाणी धरून ठेवते आणि पाण्याला दाटपणा आणते. उष्णता, आम्लता आणि मीठ यांनी ती सहजासहजी बिघडत नाही. प्रसाधनाच्या उत्पादकाला नेमके हेच गुण हवे असतात.

हे रसायनशास्त्र ज्यांना शब्दांत ठाऊक नव्हते, त्यांच्या हातांना ते शतकानुशतके ठाऊक होते. माणदेशात आणि जत-आटपाडीच्या पट्ट्यात घोंगडी विणणारे कारागीर लोकरीच्या ताण्याला चिंचोक्याची खळ देत आले आहेत. चिंचोके भिजवायचे, वाटायचे, शिजवायचे आणि ती खळ कुंच्याने सुतावर फिरवायची, म्हणजे सूत तुटत नाही आणि घोंगडीला अंग येते. सावंतवाडीच्या गंजिफाचे गोल पत्ते तयार करताना कापडाच्या थरांना चिंचोक्याचीच खळ लागते. तंतूंना चिकटून त्यांच्यावर गुळगुळीत पापुद्रा धरणारा हा पदार्थ आहे, हे ज्ञान घोंगडीवाल्याच्या अंगणात होते. आजच्या केशप्रसाधनाचा उत्पादक केसांवर तोच पापुद्रा धरू पाहतो. वस्तू तीच, गुण तोच; बदलली ती फक्त किंमत आणि ती वसूल करणारा हात.

येथे एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. चिंच हा वृक्ष मूळचा भारतीय आहे, असे म्हणण्याचा मोह टाळलेला बरा. वनस्पतिशास्त्रज्ञ त्याचे मूळ उष्ण कटिबंधीय आफ्रिकेत मानतात. परंतु तो या भूमीत इतका रुजला, की अरबांनी त्याला 'तमर हिंदी', म्हणजे हिंदचा खजूर, म्हटले आणि शास्त्रीय नावातही 'इंडिका' हा शब्द कायमचा जडला. वस्तूवरचा अधिकार ती कोठे उगवली यापेक्षा तिचे काय केले यावरून ठरतो. हेच या साऱ्या प्रकरणाचे सार आहे.

डेहराडूनला लागलेला शोध

चिंचोक्याचे आधुनिक शास्त्र परदेशी आहे काय? मुळीच नाही. दुसऱ्या महायुद्धाच्या धामधुमीत, १९४२ च्या सुमारास, डेहराडूनच्या वन संशोधन संस्थेतील टी. पी. घोष आणि एस. कृष्णा या शास्त्रज्ञांनी चिंचोक्यातील हा दाट होणारा पदार्थ वेगळा करून दाखवला. फळांच्या मुरंब्याला घट्टपणा आणणाऱ्या पेक्टिनच्या वर्गातला तो असावा, असे प्रथम मानले गेले. पुढे तो वेगळाच असल्याचे स्पष्ट झाले. १९४६ मध्ये या पदार्थाचे निष्कर्षण आणि शुद्धीकरण यांवरचे संशोधनही भारतीय शास्त्रज्ञांनी भारतीय नियतकालिकातच प्रसिद्ध केले. देश पारतंत्र्यात, साधने तुटपुंजी, अशा स्थितीत हे काम झाले. जगातील पुढच्या संशोधकांनी आपल्या निबंधांच्या आरंभी याच भारतीय नावांचा उल्लेख केला.

या शोधाचे पुढे काय झाले? चिंचोक्याचे पीठ तयार करणारे कारखाने देशात निघाले. कापडगिरण्यांना आणि ताग-गिरण्यांना सुताला खळ देण्यासाठी स्वस्त पदार्थ हवाच होता. पीठ गिरण्यांत गेले, कागदात गेले, छपाईच्या रंगात गेले. बार्शीसारख्या पेठेत चिंच आणि चिंचोका यांचा मोठा व्यापार उभा राहिला. हे सारे चांगलेच झाले. त्यावर अनेकांची चूल पेटली. परंतु गाडी पिठाच्या स्थानकावर थांबली ती थांबलीच.

पीठ आणि शुद्ध बहुशर्करा यांत अंतर आहे. पिठात प्रथिने असतात, तेल असते, टरफलाचा अंश असतो. त्याला रंग असतो, वास असतो आणि काही काळाने ते खवटते. गिरणीच्या सुताला हे चालते. माणसाच्या चेहऱ्याला, डोळ्याला चालत नाही. पिठातील तेल काढणे, प्रथिने दूर करणे, गरम पाण्यात शर्करा उतरवणे, अल्कोहोल घालून ती साक्यासारखी खाली बसवणे, वाळवणे, दळणे आणि प्रत्येक खेपेला जंतूंची व दाटपणाची कसोटी लावणे, एवढ्या पायऱ्या चढल्या की चिंचोका औषधाच्या आणि प्रसाधनाच्या दारात उभा राहतो. यातील एकही पायरी अशक्य नव्हती. पहिली पायरी तर भारतीयांनीच बांधली होती.

चढले मात्र दुसरे. जपानच्या हवेत चिंच व्यापारी प्रमाणावर पिकत नाही. तरीही तेथील एका औषध कंपनीने १९६० च्या दशकात चिंचोक्याचा शुद्ध डिंक 'ग्लायलॉइड' या नावाने बाजारात आणला आणि सॉसपासून आइस्क्रीमपर्यंत अनेक पदार्थांत तो रुळवला. इटलीत तर त्याहून लक्षणीय गोष्ट घडली. डोळ्यातील अश्रूंच्या पातळ थराला जे द्रव्य दाटपणा देते, त्याच्याशी चिंचोक्याच्या बहुशर्करेची रचना मिळतीजुळती आहे, हे तेथील संशोधकांच्या लक्षात आले. ही बहुशर्करा घालून दाट केलेल्या नेत्रबिंदूंसाठी फार्मिजिया या इटालियन कंपनीला २००० साली अमेरिकेत पेटंट मिळाले. कोरड्या डोळ्यांचा त्रास असलेला रुग्ण डोळ्यात जे थेंब घालतो, त्यात चिंचोका असू शकतो, हे आपल्याकडे किती जणांना ठाऊक आहे?

हळद जिंकली, चिंचोका हरला

सांगलीच्या परिसरातील वाचकाला पेटंट या शब्दाची ओळख हळदीने करून दिली. मार्च १९९५ मध्ये अमेरिकेतील मिसिसिपी विद्यापीठाच्या वैद्यकीय केंद्राला जखम भरून आणण्यासाठी हळदीचा वापर करण्याचे पेटंट देण्यात आले. ज्या देशात खरचटलेल्या गुडघ्यावर आई पहिल्यांदा हळद दाबते, त्या देशाला हा अपमान वाटला आणि तो योग्यच होता. डॉ. रघुनाथ माशेलकर यांच्या नेतृत्वाखाली वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने १९९६ मध्ये त्या पेटंटला आव्हान दिले. प्राचीन ग्रंथांपासून विसाव्या शतकातील शोधनिबंधांपर्यंत ३२ आधार पुढे ठेवले आणि ऑगस्ट १९९७ मध्ये अमेरिकी पेटंट कार्यालयाने ते दावे फेटाळले. हरिपूरच्या जमिनीत पेवे खणून हळद साठवणाऱ्या सांगलीने या विजयाचा अभिमान बाळगणे स्वाभाविक होते. २०१८ मध्ये सांगलीच्या हळदीला भौगोलिक मानांकनही मिळाले.

तथापि या विजयाचा एक अर्थ आपण सोयीस्करपणे विसरलो. हळदीचे पेटंट रद्द झाले, कारण त्यात नवे काही नव्हते. आपल्या घरातली जुनी गोष्ट कोणी आपल्या नावावर लावत होते आणि आपण पुराव्यानिशी ते रोखले. चिंचोक्याच्या नेत्रबिंदूंचे तसे नाही. घोंगडीच्या खळीपासून डोळ्याच्या थेंबापर्यंतचा प्रवास कोणत्याही पोथीत लिहिलेला नव्हता. तो कोणीतरी प्रयोगशाळेत, घाम गाळून केला. तेथे चोरी झाली असे म्हणून दाद मागता येत नाही, कारण चोरी झालीच नाही. आपण जेथे थांबलो, तेथून दुसरे पुढे गेले, एवढेच घडले.

हळदीचा लढा आपण लढून जिंकलो. चिंचोक्याचा लढा न लढताच हरलो. परक्याने आपले घेतले की आपले रक्त सळसळते. आपणच आपले घेत नाही, तेव्हा मात्र ते थंड असते. परंपरेचे रक्षण हा पराक्रमाचा अर्धा भाग झाला. परंपरेत भर घालणे हा उरलेला अर्धा भाग आहे आणि तोच अवघड आहे. पूर्वजांनी चिंचोक्याची खळ केली, हे सांगून छाती फुगवणाऱ्याला एक प्रश्न विचारता येईल: पूर्वजांच्या पुढे तुम्ही काय केले?

गवारीचा धडा

कच्चा माल विकून समृद्धी येते, असे मानणाऱ्यांनी राजस्थानच्या गवारीकडे पाहावे. गवारीच्या बियांचा डिंक हाही असाच दाटपणा देणारा वनस्पतिजन्य घटक असून केस धुण्याच्या द्रवांत आणि मलमांत त्याची रूपे वापरली जातात. जगातील गवारीच्या उत्पादनाचा सुमारे ८० टक्के भाग एकट्या भारताचा. एवढी मक्तेदारी हाती असताना भाव कोणी ठरवायला हवा? प्रत्यक्षात काय घडले? अमेरिकेत खडक फोडून तेल आणि वायू काढणाऱ्या विहिरींना या डिंकाची गरज लागली आणि २०११-१२ मध्ये गवारीचे भाव आकाशाला भिडले. पुढच्या हंगामात शेतकऱ्यांनी पेरा वाढवला. तिकडे तेल कंपन्यांनी पर्याय शोधले, मागणी ओसरली आणि भाव कोसळले. पीक आपले, माती आपली, कष्ट आपले. भावाची किल्ली मात्र टेक्सासच्या विहिरीवर. ज्याच्या हाती अखेरची वस्तू, त्याच्या हाती भाव, हा व्यापाराचा नियम मक्तेदारीनेही बदलत नाही.

चिंचोक्याच्या साखळीत सर्वांत तळाशी कोण आहे, तेही पाहिले पाहिजे. बांधावरचे झाड व्यापाऱ्याला उक्ते दिले जाते. फाल्गुन-चैत्रात चिंच झोडपून खाली येते आणि ती फोडायला बाया बसतात. टरफल एकीकडे, शिरा एकीकडे, गर एकीकडे, चिंचोके एकीकडे. दिवसभर हातोडीने ठोकून बोटे काळी पडतात, आम्लाने चरचरतात. ज्या वस्तूचा लेप शहरातील हातांना मऊ करण्यासाठी विकला जातो, ती वस्तू वेगळी करणारे हात असे सोललेले असतात. चिंचोक्याला पिठापुरताच भाव मिळत राहिला, तर या बाईच्या मजुरीत भर कोठून पडणार? आणि झाडाला तरी कोण राखणार? रस्ते रुंद करताना महाराष्ट्रात ठिकठिकाणी जुन्या चिंचा आडव्या झाल्या. ज्याचे मोल नाही ते तोडताना हात थरथरत नाही.

तीन आक्षेप

यावर पहिला आक्षेप असा येईल, की मलमातल्या शेकडा एक भागासाठी एवढा गजहब कशाला? तो भाग मूठभर आहे हे खरे. पण लहान वस्तूंच्या बाबतीत परावलंबी असलेला देश मोठ्या वस्तूंच्या बाबतीत स्वावलंबी होत नसतो. औषधांच्या गोळ्या आपण करतो आणि अनेक औषधांची मूळ द्रव्ये चीनहून आणतो, हे करोनाच्या संकटात २०२० मध्ये साऱ्या देशाला कळले. कारखाना आपला, वेष्टन आपले, आतील गाभा परका, ही परिस्थिती केवळ औषधांची नाही.

दुसरा आक्षेप अधिक लबाड आहे. 'आम्ही तर स्वदेशीच वापरतो,' असे म्हणून अनेक सद्गृहस्थ मोकळे होतात. नळीवर देवनागरी नाव असते, तुळस किंवा हळदीचे चित्र असते, कंपनी भारतीय असते. पण त्या नळीतील दाटपणा आणणारा घटक, सुगंध, परिरक्षक हे कोठून आले, हे कोण पाहतो? प्रसाधनांविषयीच्या २०२० च्या नियमांनुसार घटकांची यादी छापावी लागते. एक टक्क्याहून अधिक असलेले घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने आणि उरलेले कोणत्याही क्रमाने. प्रत्येक घटक कोणत्या देशातून आला, हे मात्र त्या यादीत कळत नाही. म्हणजे स्वदेशीची परीक्षा दुकानाच्या फळीवर होऊच शकत नाही. ती कारखान्यात आणि प्रयोगशाळेत होते.

लोकमान्यांनी स्वराज्य, स्वदेशी, बहिष्कार आणि राष्ट्रीय शिक्षण अशी चतुःसूत्री दिली. त्यातील बहिष्कार आपल्याला पाठ आहे, कारण तो सोपा आहे. एक वस्तू सोडून दुसरी उचलली की झाले. राष्ट्रीय शिक्षणाचे सूत्र मात्र हातातून सुटले. ज्या शिक्षणाने आपल्या मातीतील वस्तूची अखेरची वस्तू करता येते, ते राष्ट्रीय शिक्षण. ते नसेल तर स्वदेशी ही केवळ पाटी राहते आणि पाटी कोणालाही रंगवता येते.

तिसरा आक्षेप व्यवहारी माणसाचा असेल. वनस्पतीचा डिंक प्रत्येक खेपेला सारखा उतरत नाही, कृत्रिम पदार्थ उतरतो. मग उत्पादकाने आपला का घ्यावा? हा आक्षेप न्याय्य आहे आणि त्याला घोषणेने उत्तर देता येणार नाही. 'नैसर्गिक म्हणजे निर्धोक' हेही खरे नाही. वनस्पतिजन्य डिंकावर जंतू लवकर पोसतात, म्हणून त्याची शुद्धता अधिक काटेकोर राखावी लागते. जपानी माल जगात चालतो, कारण दहावी खेप पहिलीसारखीच असते. भारतीय मालाला हे साधेल तेव्हा त्याला गिऱ्हाईक शोधत फिरावे लागणार नाही. काही भारतीय उद्योजक शुद्ध बहुशर्करेच्या उत्पादनात उतरलेही आहेत. त्यांचे कौतुक करावे तेवढे थोडे. त्यांची संख्या बोटांवर मोजण्याइतकी न राहता ती प्रत्येक चिंचेच्या पट्ट्यात वाढावी, हाच मुद्दा आहे.

आष्ट्यात काय नाही?

आता पुन्हा आष्ट्याकडे वळावे. चिंचोक्यातून प्रसाधनाच्या दर्जाची बहुशर्करा काढण्यासाठी काय काय लागते? चिंचोके, वाफ, अल्कोहोल, रसायनशास्त्र जाणणारी माणसे, यंत्रे चालवणारी माणसे आणि भांडवल.

चिंचोके सांगली जिल्ह्याच्या पूर्वेकडील जत, आटपाडी, कवठेमहांकाळ या कोरडवाहू तालुक्यांतून आणि सोलापूरच्या बाजारातून येऊ शकतात. पाऊस दगा देतो तेथे तग धरणारे हे झाड आहे. वाफ आणि अल्कोहोल यांच्यासाठी तर कोठे जायलाच नको. कृष्णा-वारणेच्या खोऱ्यात साखर कारखान्यांची रांग उभी आहे. उसाच्या चिपाडावर त्यांचे बाष्पक पेटतात आणि मळीपासून अल्कोहोल निघते. पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल मिसळण्याचे उद्दिष्ट देशाने २०२५ मध्ये गाठले, त्यात या उसाचाही वाटा आहे. बहुशर्करा खाली बसवण्यासाठी लागणारे अल्कोहोल त्या मानाने किरकोळ. शिवाय ते ऊर्ध्वपातनाने पुन्हा मिळवून पुन्हा वापरता येते. अल्कोहोलचे परवाने हा नेहमीचा अडथळा. परंतु औद्योगिक अल्कोहोलवर राज्यांचा अधिकार चालतो, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने ऑक्टोबर २०२४ मध्ये दिला आहे. तेव्हा लहान उद्योगांची वाट सुकर करणे आता मुंबईच्या हातात आहे. दिल्लीकडे बोट दाखवण्याची सबब उरलेली नाही.

आणि माणसे? आष्ट्यासारख्या एका लहान नगरात अभियांत्रिकी महाविद्यालय आहे, औषधनिर्माणशास्त्राचे महाविद्यालय आहे आणि आयुर्वेद महाविद्यालयही आहे. चिंचोक्याच्या प्रश्नाला नेमकी हीच तीन शास्त्रे लागतात. वस्तूचा गुण ओळखणारे एक, तिचे मलम बांधणारे दुसरे आणि तिचे यंत्र उभारणारे तिसरे. तीन शास्त्रे एका गावात नांदत असताना त्यांच्या विद्यार्थ्यांनी अखेरच्या वर्षाचे प्रकल्प एकाच टेबलावर बसून करायला काय हरकत आहे? देशातील शेकडो महाविद्यालयांत चिंचोक्यावर निबंध लिहिले गेले आहेत. त्यांचे गठ्ठे ग्रंथालयांत धूळ खात असतात. निबंधाला पदवी मिळते आणि प्रयोग संपतो. पदवीच्या पुढे प्रयोग गेला पाहिजे. आष्ट्याचे हे आव्हान महाराष्ट्रातील प्रत्येक तालुक्याच्या गावाला लागू आहे.

राहिले भांडवल आणि धैर्य. त्यासाठी या मातीला परक्यांचे दाखले नकोत. आष्टा एके काळी सातारा जिल्ह्यात होते. १९४९ मध्ये दक्षिण सातारा आणि १९६० मध्ये सांगली जिल्हा, असा त्याचा पत्ता बदलत गेला. याच साताऱ्यात जन्मलेल्या गणेश वासुदेव जोशी यांनी, म्हणजे सार्वजनिक काकांनी, हाताने कातलेल्या सुताची वस्त्रे घालून १८७७ च्या दिल्ली दरबारात स्वदेशीचे दर्शन घडवले. लक्ष्मणराव किर्लोस्कर १९१० मध्ये औंध संस्थानच्या माळावर आले, तेव्हा तेथे निवडुंग आणि साप यांखेरीज काही नव्हते. लोखंडी नांगराने जमीन विषारी होते, अशी समजूत असलेल्या शेतकऱ्याच्या हाती त्यांनी स्वदेशी नांगर दिला. कराडजवळ ओगले बंधूंनी १९१६ मध्ये काच कारखाना काढला आणि 'प्रभाकर' कंदील महाराष्ट्राच्या घराघरांत लागला. तळेगावच्या काच कारखान्याला तर लोकांनी एकेक पैसा देऊन पैसा फंड उभारला होता. या माणसांनी परदेशी नांगराची आणि कंदिलाची होळी करून समाधान मानले नाही. त्यांनी त्याच तोडीचा नांगर आणि कंदील घडवला.

आज निवडुंगाचा माळ नाही. रस्ते आहेत, वीज आहे, महाविद्यालये आहेत, सहकारी पतसंस्था आहेत. उणीव आहे ती चिंचोक्याकडे पाहण्याच्या दृष्टीची.

प्रत्येकाचे काम

शासनाने काय करावे, याची यादी लांबवता येईल. चिंचेच्या जाती निवडताना गराबरोबर बीजाचाही विचार करावा, लहान उद्योगांना शुद्धतेची तपासणी परवडेल अशा प्रयोगशाळा जिल्ह्यात काढाव्यात, अल्कोहोलचे परवाने सुटसुटीत करावेत. परंतु शासनाची वाट पाहत बसणे ही स्वदेशीची रीत नव्हे. सहकारी कारखान्यांच्या संचालकांनी साखर आणि इथेनॉल यांच्या पलीकडे पाहावे. चिंच फोडणाऱ्या महिलांच्या बचत गटांनी चिंचोका वाळवून, निवडून, प्रतवारी करून विकावा. स्वच्छ मालाचा भाव मागावा. शिक्षकांनी विद्यार्थ्याला विचारावे, की तुझ्या गावाच्या वेशीवर उभ्या असलेल्या झाडात काय दडले आहे? मध्यमवर्गीय कुटुंबांनी नळीवरचे चित्र पाहून भुलण्यापेक्षा मागची यादी वाचावी आणि उत्पादकाला पत्र पाठवून विचारावे, की हा घटक कोठला? दहा हजार ग्राहकांनी विचारलेला प्रश्न कोणत्याही कंपनीला टाळता येत नाही. आणि ज्याच्या गाठीला चार पैसे आहेत, त्याने एखाद्या तरुणाच्या लहानशा कारखान्यात ते घालावेत. पैसा फंडाचे दिवस संपलेले नाहीत.

सांगली–पेठ रस्त्याने जाताना बांधावर एखादी जुनी चिंच अजूनही उभी दिसते. तिच्या सावलीत पडलेले चिंचोके मुले खिशात भरतात, बाया वेचतात, उरलेले मातीत जातात. उद्या आष्ट्यातील एखाद्या घरात मुलाने पैसे उधळले, तर वडिलांनी तीच जुनी म्हण जरूर वापरावी. पण एकदा थांबून त्या मुलाच्या तळहातावर खरा चिंचोका ठेवावा आणि याचे मोल किती, ते शोधून काढायला सांगावे. त्या मुलाने उत्तर आणले, तर हातातल्या बीजाकडे बोट दाखवून त्यालाच म्हणता येईल, 'चिंचोके नव्हेत ते!'